बाणातला ण

सर्व माणसांना एकाच मापाने मोजणे हा अन्याय आहे, ही गोष्ट विचारी मनाला लवकर पटते. परंतु एखाद्या माणसाला त्याच्या गावाच्या, समाजाच्या, बोलीच्या सरासरीने मोजणे हाही अन्यायच आहे, हे पटायला फार काळ लागतो. कारण हा अन्याय दयेचे वस्त्र नेसून येतो, आणि तो करणाऱ्याच्या अंतःकरणात त्या वेळी खरोखरच करुणा असते. पुढील वृत्तांतात कोणीही दुष्ट नाही. कोणी असता, तर सारा दोष त्याच्या पदरात घालून आपण मोकळे झालो असतो.

सन दोन हजारच्या सुमारास वसईतील एका धर्मादाय रुग्णालयात वृद्धांच्या स्मृतीची आणि बुद्धीची तपासणी सुरू झाली. हे काम ज्ञानदा नावाच्या एका तरुण मानसशास्त्रज्ञ स्त्रीकडे होते. माणसे साताऱ्याकडची, बिऱ्हाड बोळिंजच्या एका वसाहतीत. स्वभाव मृदू, आणि कामावर निष्ठा अशी की दारात बसलेल्या शेवटच्या म्हाताऱ्याचे बोलणे ऐकल्यावाचून ती डबा उघडीत नसे.

प्रश्नावली पुण्यामुंबईच्या शिकल्यासवरल्या लोकांवर बेतलेली होती. तिच्यात एक रेषा ठरलेली असे. गुण त्या रेषेच्या खाली गेले, की मेंदूचे चित्र काढण्यासाठी रोग्याला मुंबईला धाडायचे; रेषेच्या वर राहिले, की वयाप्रमाणे ठीक आहे असे सांगून घरी पाठवायचे.

पहिल्याच महिन्यात चांदीपहून सुनंदाबाई आल्या. भातशेती करून, पाच मुले वाढवून, अजून सगळ्या घराला धाकात ठेवणारी ही बाई.

"आजी, आज तारीख काय?" ज्ञानदाने विचारले.

"तारीख कोर्टात असते, बाय. आज दशमी."

"बरं. आपण कितव्या मजल्यावर आहोत?"

"जिना काय चढले नाय मी. जमिनीवरच असू."

मग ज्ञानदाने तीन शब्द सांगितले: खूण, दिवा, केळ. थोड्या वेळाने ते पुन्हा विचारायचे होते. सुनंदाबाईंनी एका दमात सांगितले, "खून, दिवा, केळ."

संध्याकाळी विभागाचे प्रमुख डॉक्टर परेश उत्तरे तपासत होते. "खूण विचारली आणि बाई खून सांगते. एक गुण वजा."

"सर, ज्यांच्या तोंडी पाण्याचं पानी होतं, त्यांच्या तोंडी खुणेचा खून होणारच. त्यात बुद्धीचा काय गुन्हा?"

डॉक्टर हसले. "मग किती खून माफ करायचे, ते तुम्हीच ठरवा."

ते विनोदाने बोलले. परंतु ज्ञानदाने ते मनावर घेतले. वर्षभर सुट्टीच्या दिवशी ती मिठागरांच्या, कोळीवाड्यांच्या, भाताच्या गावांतून, वाडीतील ख्रिस्ती घरांतून आणि डोंगराकडच्या पाड्यांतून हिंडली. धडधाकट वृद्धांची तीच परीक्षा घेतली, आणि कोणत्या समाजाची निरोगी माणसे सरासरीने किती मागे पडतात याचे एक कोष्टक सिद्ध केले. तितके गुण त्या त्या समाजाच्या रोग्याला वाढवून द्यायचे, आणि ण च्या जागी न आला तर तो दोष धरायचा नाही, असा नियम झाला. त्या नियमाने सुनंदाबाई आणि त्यांच्यासारखी कितीतरी शहाणी माणसे वेडी ठरण्यापासून वाचली. हे पुण्य ज्ञानदाच्या खाती आहे, आणि ते कोणी पुसू नये.

आता गास गावच्या प्लासिड यांच्याविषयी सांगायला हवे.

प्लासिड हे वाडीवाले. केळी, तगर, मोगरा आणि थोडी भातजमीन. शिक्षण सातवीपर्यंत. ते ऐन तिशीत येत असताना चर्चमधली मिस्सा, म्हणजे रविवारची उपासना, लॅटिनमधून मराठीत आली, आणि वेदीजवळ उभे राहून शास्त्रपाठ वाचायला खणखणीत आवाजाचा माणूस हवा म्हणून फादरांनी त्यांना निवडले. पहिल्याच रविवारी त्यांनी "पानी" आणि "प्रान" असे वाचले. कुणाच्या तरी लग्नासाठी शहरातून आलेली मंडळी पुढच्या बाकांवर होती. ती हसली. मोठ्याने नव्हे, पण हसली.

त्या काळी प्लासिड सोपाऱ्याच्या एका शास्त्रीबुवांकडे पूजेची फुले पोहोचवीत. दुसऱ्या दिवशी फुलांची पुडी ओट्यावर ठेवून ते तिथेच उभे राहिले.

"काय रे, काही राहिलं का?" शास्त्रीबुवांनी विचारले.

"बुवा, मला पान्यातला न शिकवा. तुमचा."

शास्त्रीबुवांनी क्षणभर त्यांच्याकडे पाहिले आणि पाट सरकवला. "बैस. हा वर्ण मूर्धन्य आहे. जिभेचं टोक मागे वळव, वर टाळूला लाव, आणि मग सोड. ण म्हणजे जिभेने केलेला नमस्कार आहे, प्लासिड. मान न वाकवता नमस्कार होत नाही."

एक अख्खा पावसाळा हा पाठ चालला. फुले देऊन झाली की ओट्यावर एक ख्रिस्ती शेतकरी "बाण, प्राण, वाणी, कल्याण" असे घोकत बसे, आणि आत शास्त्रीबुवांचे पूजेचे मंत्र चालत. अखेरीस एके दिवशी शास्त्रीबुवा बाहेर येऊन म्हणाले, "तुझ्या पाद्रीबुवांना सांग, हा ण आता सोवळ्यातला आहे. जपून वापरा."

त्यानंतर पस्तीस वर्षे गासच्या चर्चमध्ये ण उच्चारला गेला तो प्लासिड यांच्या मुखाने. गावात त्याची थट्टाही झाली. शेजारचा स्टॅनी बांधावरून ओरडे, "आला रे आला, आमचा बामन आला!"

"बामण म्हण, स्टॅनी, बामण," प्लासिड तितक्याच मोठ्याने उत्तर देत, आणि दोन्ही वाड्यांतून हसू उठे.

त्यांच्या पत्नी फ्लॉसी यांना मात्र हा वर्ण कधी साधला नाही. नवऱ्याने लग्नानंतर पुष्कळ शिकवून पाहिले. "माझी जीब मागे वळत नाय. ती पुढेच धावते," असे म्हणून त्यांनी नाद सोडला. पण ऐकण्यात त्या पक्क्या होत्या. रविवारी वाचन चालू असता डोळे मिटून त्या एकेक ण ऐकत, गळ्यातल्या क्रुसाला बोट लावीत, आणि मनातल्या मनात नवऱ्याचा अभिमान धरीत.

सन दोन हजार एकच्या उन्हाळ्यात एका रविवारी प्लासिड यांनी "प्रान" असे वाचले.

फ्लॉसींनी डोळे उघडले. पुढच्या ओळीत "पानी" आले. बाकी कुणाच्या ध्यानात काही आले नाही. गावाच्या कानाला तेच उच्चार सवयीचे होते. पुढच्या रविवारीही तसेच झाले. त्याच सुमारास प्लासिड एकाच केळीच्या ओळीला दोनदा पाणी सोडू लागले, आणि नातवाला मुलाच्या नावाने हाक मारू लागले. मुलगा रुडॉल्फ मुंबईत एका कचेरीत नोकरीला होता. तो म्हणाला, "वय झालं, मम्मी." पण फ्लॉसींनी ऐकले नाही. भाद्रपद सरता सरता त्या नवऱ्याला घेऊन रुग्णालयात ज्ञानदासमोर येऊन बसल्या.

तपासणी मोकळ्या वातावरणात झाली. ज्ञानदाने एक वाक्य म्हणून दाखवले, "राणीच्या अंगणात पाणी कोणी आणले? म्हणा पाहू, काका."

प्लासिड थांबले. ओठ हलले. मग ते सावकाश म्हणाले, "रानीच्या अंगनात पानी कोनी आनले?" आणि क्षणभराने हसून पुढे म्हणाले, "का, रानीकडे नळ नव्हता काय?"

ज्ञानदाला हसू आले. पूर्वीच्या नियमाने या वाक्याचा गुण गेला असता. आपल्या नियमाने तिने तो आनंदाने दिला. तीन शब्दांपैकी मात्र प्लासिडना एक केळच आठवली.

फ्लॉसींना राहवेना. त्या पुढे सरकून म्हणाल्या, "बाय, याचा न गेला."

"कुठे नाही गेले, मावशी?"

"नाय कसा? गेला म्हनते ना मी!"

"अहो, गेले की न गेले, एक काहीतरी सांगा."

दाराशी बसलेले दोन म्हातारे हसले. परिचारिका हसली. फ्लॉसीही तोंडाला पदर लावून हसल्या. "न गं बाय, न! याच्याकडे होता तो. आख्ख्या गावात याच्याकडेच होता..."

"गप गं, फ्लॉसी," प्लासिड हळूच म्हणाले. "घरचं गाऱ्हानं इथे नको."

जो वर्ण त्यांच्या जिभेवरून निसटला होता, त्याविषयी परक्यांसमोर बोलणे त्यांना सोसले नाही. आणि जिला तो हरवल्याचे कळले होते, तिला त्याचे नाव उच्चारता येत नव्हते. ज्ञानदाने मावशींचा हात थोपटला आणि बेरीज केली. मूळ गुण रेषेच्या खाली होते. कोष्टकात पाहून वाडीतील ख्रिस्ती समाजाचे वाढीव गुण तिने मिळवले. प्लासिड रेषेच्या वर आले.

"काका, काळजी नको. तुमच्याकडच्या लोकांच्या मानाने तुम्ही अगदी ठीक आहात."

"आमच्याकडच्या म्हंजे?"

"म्हणजे गावाकडच्या, शेतीवाडीतल्या. शहरातल्यांचं माप आम्ही तुम्हाला लावत नाही."

प्लासिड यांनी टोपी हातात फिरवली. "बरं केलं, डॉक्टरीनबाई," ते म्हणाले. मुंबईला चित्र काढायला जाण्याचा प्रश्न उरला नाही.

आपल्या लोकांच्या मानाने आपल्याला कुणी मोजू नये, एवढ्याचसाठी हा मनुष्य एकेकाळी पावसाळाभर परक्या ओट्यावर बसला होता. परंतु ज्ञानदाला हे ठाऊक नव्हते. तिने ते विचारले नव्हते. तिच्या कोष्टकाने समाज विचारला होता, गाव विचारले होते, घरची बोली विचारली होती.

घरी परिणाम निराळाच झाला. वडील निरोगी आहेत असे ठरल्यावर त्यांच्या चुका आता दुर्लक्ष वाटू लागल्या. रुडॉल्फ संध्याकाळी घरी येई तो तापलेला.

"पप्पा, विहिरीवरची मोटर सुरू ठेवून झोपलात! डॉक्टर म्हणतात ठीक आहे, मग लक्ष कुठे असतं तुमचं?"

प्लासिड उठून वाडीत जात. त्यांनीही तो निर्णय स्वीकारला होता. आपल्याला काही होते आहे असे म्हणण्याचा अधिकारच जणू त्यांनी परत केला. नाताळाच्या आधी ते फादरांकडे गेले आणि म्हणाले, "आता पोरांना वाचू दे." फादरांनी आभार मानून निरोप दिला. एक दिवस बांधावरून स्टॅनीने नेहमीची हाक घातली, "काय बामना, वाचन सोडलंस?" प्लासिड यांनी वर पाहिले, काहीतरी म्हणण्यासाठी तोंड उघडले, आणि नुसते हसले. स्टॅनीला बरे वाटले. त्या रात्री तो बायकोला म्हणाला, "प्लासिड परत आपल्यातला झाला बघ."

केवळ फ्लॉसी रविवारी डोळे मिटून बसत, आणि ऐकण्यासारखे काही नसे.

दीड वर्षाने, ईस्टरआधीच्या उपवासकाळात, एके सकाळी प्लासिड विहिरीजवळ पडले. उजवे अंग गेले, वाचाही गेली. मुंबईत मेंदूचे चित्र काढले, आणि पुढील उपचारांसाठी त्यांना वसईच्याच रुग्णालयात आणले. डॉक्टर परेश चित्र उजेडापुढे धरून पाहत होते. ज्ञानदा बाजूला होती. फ्लॉसी आणि रुडॉल्फ पलंगाशी.

"हा मोठा झटका आता आलेला," डॉक्टर म्हणाले. "पण या पाहा, या जुन्या खुणा आहेत. लहान लहान झटके येऊन गेले, कुणाला कळलं नाही. सगळ्यांत जुनी खूण दीड-दोन वर्षांची असावी, आणि तीही जिथून जिभेची हालचाल चालते तिथली. त्या वेळी यांच्या बोलण्यात काही फरक पडला होता का?"

मग फ्लॉसींनी ज्ञानदाचा हात हातात घेतला, तिचा तळवा उघडला, आणि त्यावर बोटाने सावकाश एक अक्षर काढले. आधी एक उभी रेघ, तिच्या तळाशी वळण घेऊन दुसरी उभी रेघ, आणि शेजारी काना.

"हा," त्या म्हणाल्या. "बानातला. हा गेला म्हनून तेव्हा सांगत होते, बाय."

ज्ञानदाने आपल्या तळव्याकडे पाहिले. तिथे काहीच दिसत नव्हते. पण तो दिवस तिला सबंध आठवला: राणीचे अंगण, दाराशी हसणारे म्हातारे, आणि आपण आनंदाने दिलेला तो एक गुण. रोगाने स्वतः येऊन आपली खूण दाखवली होती, आणि तिने तिला समाजाची खूण समजून माफ केले होते.

"तेव्हा औषध सुरू झालं असतं..." डॉक्टर म्हणाले, आणि त्यांनी चित्र पाकिटात घातले.

ईस्टर होऊन गेल्यावर ज्ञानदा गासला गेली. प्लासिड पडवीत खाटेवर होते. शुद्ध होती, ओळख होती. शब्द मात्र नव्हते. रुडॉल्फने तिला बस म्हटले नाही.

"तुमच्या त्या कोष्टकात सगळ्या गावांचे रकाने होते म्हणे," तो म्हणाला. "माझ्या बापाचा रकाना कुठे होता?"

"नव्हता," ज्ञानदा म्हणाली.

"मग कशाच्या आधारावर सांगितलंत ठीक आहे म्हणून? आणि मी वर्षभर त्यांच्यावर..." तो वळून विहिरीकडे निघून गेला.

"त्याचं मनावर घेऊ नको, बाय," फ्लॉसी म्हणाल्या. "तो माझ्यावर नाय, तुझ्यावर नाय, स्वतावर रागावलाय. आनि मी तरी कुठे नीट सांगितलं? मला तो येतच नाय. शिकले असते तर त्या दिवशी म्हटला असता." मग त्यांनी चहा ठेवला, आणि शास्त्रीबुवांच्या ओट्यापासून सगळी हकीकत सांगितली. सांगताना त्या एकदोनदा हसल्यासुद्धा. ज्ञानदाला हसता आले नाही.

"काल मी ते कोष्टक फाडायला घेतलं होतं, मावशी. पण फाडलं, तर चांदीपच्या आजी पुन्हा वेड्या ठरतात."

"मग फाडू नको."

"ठेवून तरी काय करू?"

फ्लॉसींनी विचार केला. "आधी घरच्यांना विचार, हा मानूस पयला कसा होता. आनि आमचं बोलनं कळलं नाय, तर हसू नको. परत विचार. कळेपर्यंत विचार."

रुग्णालयात पुढे तसाच प्रघात पडला. कोष्टक राहिले, पण ते उघडण्याआधी घरच्या माणसाला समोर बसवून रोग्याचा पूर्वीचा स्वभाव, बोलणे, कसब हे सारे विचारले जाऊ लागले, आणि समाजाच्या आधी रोग्याची तुलना त्याच्या स्वतःशीच होऊ लागली. यामुळे कित्येकांचे भले झाले असेल. प्लासिड यांचे झाले नाही. गेलेला काळ कोणत्याही सुधारणेने माघारी येत नाही, आणि हे दुःख ज्ञानदाने कधी कुणाशी बोलून हलके केले नाही.

त्या दिवशी निघताना ती खाटेजवळ वाकली आणि म्हणाली, "काका, माझं चुकलं."

प्लासिड यांनी तिच्याकडे पाहिले. मग डावा हात उचलला. उजवा उचलत नव्हता. तो त्यांनी तिच्या मस्तकावर ठेवला. ओठ उघडले, जीभ मागे वळू पाहत होती असे गळ्यावरून दिसले, पण ती वळली नाही. नुसता एक अस्पष्ट श्वास बाहेर आला.

फ्लॉसींना तो कळला. त्यांनी नवऱ्याच्या वतीने तो पुरा केला.

"कल्यान होवो म्हनतो, बाय. तुझं कल्यान होवो."

त्या आशीर्वादात काही उणे नव्हते. तो ज्ञानदाला लाभो. विहिरीकाठी एकट्याने रडणाऱ्या मुलाला लाभो. जिला कळले होते आणि सांगता आले नाही तिला लाभो. आणि ज्याची जीभ आता नमस्कार करू शकत नाही, त्याचा तो नमस्कार ईश्वराने न उच्चारताच स्वीकारावा.